लिनक्स टाकले, फर्मवेअरचे काय?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित आधार थांबवला. ‘विंडोज ११’ अधिकृतपणे चालवायची तर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचे संगणक चालू स्थितीत असूनही या अटीत बसत नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळा, ग्रामपंचायतीची कार्यालये, पतसंस्था, छोटे दवाखाने, मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेले घरचे लॅपटॉप अशा सगळीकडे हा प्रश्न एकाच वेळी येऊन पडला आहे. संगणक भंगारात काढायचा, जुन्याच विंडोजवर धोका पत्करून चालवायचा, की त्यावर लिनक्ससारखी मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची?

तिसरा पर्याय शहाणपणाचा आहे, आणि तो निवडणाऱ्यांचे स्वागतच व्हायला हवे. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा यांपैकी कोणतीही प्रणाली फुकट मिळते, जुन्या यंत्रावर बऱ्यापैकी वेगाने चालते आणि तिच्या सुरक्षा दुरुस्त्या नियमित येत राहतात. केरळने शाळांमधून हा प्रयोग वर्षानुवर्षे राबवला आहे. आपल्या संरक्षण मंत्रालयानेही २०२३ मध्ये उबुंटूवर आधारलेल्या ‘माया’ या प्रणालीकडे वळण्याचा निर्णय घेतला. लिनक्स म्हणजे फक्त संगणक अभियंत्यांचे खेळणे, हा समज आता मागे पडला आहे.

तरीही एक काम बहुतेक ठिकाणी अर्धवट राहते. लिनक्स टाकले, रोजचे अपडेट सुरू केले, की संगणक सुरक्षित झाला असे मानले जाते. पण ऑपरेटिंग सिस्टिमच्याही खाली एक सॉफ्टवेअर असते. ते कारखान्यातून जसे आले तसेच पाच-सात वर्षे पडून असते. त्याचे नाव फर्मवेअर. संगणक कोणत्याही प्रणालीवर चालवा, हे फर्मवेअर जुने आणि सदोष असेल तर वर केलेल्या बंदोबस्ताला अर्थ उरत नाही. हे काम कोणाचे, ते केव्हा आणि कसे करायचे, हे आपल्याकडे अजून कोणी ठरवलेले नाही. ते ठरवण्याची वेळ आली आहे.

फर्मवेअर म्हणजे काय?

संगणकाचे बटण दाबल्यावर पहिले काही सेकंद पडद्यावर कंपनीचे चिन्ह दिसते. त्या वेळी लिनक्स किंवा विंडोज सुरूही झालेली नसते. मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये साठवलेला प्रोग्राम त्या क्षणी काम करत असतो. मेमरी किती आहे, डिस्क कुठे आहे, कीबोर्ड जोडला आहे का, हे तो तपासतो आणि मग ऑपरेटिंग सिस्टिमला हाक देतो. जुन्या लोकांना हा प्रोग्राम ‘बायोस’ म्हणून माहीत आहे. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या संगणकांत त्याची जागा ‘यूईएफआय’ने घेतली आहे, बोलताना मात्र अजूनही बायोसच म्हटले जाते.

फर्मवेअर केवळ मदरबोर्डवर असते असेही नाही. एसएसडी डिस्कमध्ये, वायफाय कार्डात, वायरलेस माउसच्या छोट्या रिसीव्हरमध्ये, लॅपटॉपच्या डॉकमध्ये आणि इंटरनेटच्या राउटरमध्येही स्वतंत्र फर्मवेअर असते. एका साध्या लॅपटॉपमध्ये असे पाच-सहा प्रोग्राम सहज सापडतात. त्यांतले प्रत्येक माणसानेच लिहिलेले असते, त्यामुळे त्यात चुकाही असतात. चुका सापडल्या की कंपन्या सुधारित आवृत्ती काढतात. प्रश्न एवढाच, की ती आवृत्ती श्रीगोंद्याच्या शाळेतल्या किंवा अकोल्याच्या आरोग्य केंद्रातल्या संगणकापर्यंत पोहोचते का?

धोका कुठे आहे?

साधा व्हायरस शिरला तर डिस्क फॉरमॅट करून नव्याने प्रणाली टाकता येते. फर्मवेअरमध्ये घुसलेला प्रोग्राम त्यातूनही वाचतो, कारण तो डिस्कवर नसतोच. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये ‘ईसेट’ या सुरक्षा कंपनीने ‘लोजॅक्स’ नावाचा असा प्रोग्राम उघडकीस आणला. युरोपातल्या काही सरकारी संस्थांविरुद्ध तो वापरला गेला होता. संगणकाची डिस्क बदलली तरी तो टिकून राहत असे.

ही मोठ्या देशांच्या हेरगिरीची गोष्ट आहे, आपला काय संबंध, असे वाटू शकते. पण पुढची दोन उदाहरणे सामान्य वापरकर्त्याच्या जवळची आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये ‘बायनार्ली’ या कंपनीच्या संशोधकांनी ‘लोगोफेल’ या नावाने काही त्रुटी जाहीर केल्या. संगणक सुरू होताना कंपनीचे जे चिन्ह दिसते, ते चित्र वाचणाऱ्या फर्मवेअरमधल्या भागातच खोट होती. मुद्दाम बिघडवलेले चित्र त्या जागी ठेवले तर प्रणाली सुरू होण्याआधीच घुसखोराचा प्रोग्राम चालू शकत होता. ही खोट अनेक नामांकित कंपन्यांच्या संगणकांत होती आणि विंडोज असो वा लिनक्स, दोन्हींना सारखीच लागू होती. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये ईसेटने ‘बूटकिटी’ची माहिती दिली. लिनक्सला लक्ष्य करणारा, यूईएफआयच्या पातळीवर काम करणारा हा पहिला ज्ञात प्रोग्राम. तो दक्षिण कोरियातल्या प्रशिक्षणार्थींनी प्रयोग म्हणून तयार केला होता, असे नंतर स्पष्ट झाले. पण त्यातून ‘लिनक्सला असले काही होत नाही’ या समजाला तडा गेला. त्यात लोगोफेलचाच आधार घेतला होता. म्हणजे ज्यांनी फर्मवेअर आधीच अद्ययावत केले होते, त्यांच्यासाठी हा दरवाजा बंद झालेला होता.

फर्मवेअरचा संबंध केवळ घुसखोरीशी नाही, यंत्राच्या आयुष्याशीही आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होते आणि त्यामुळे ते हळूहळू खराब होत होते. कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर दुरुस्ती दिली, ती बायोस अपडेटच्या रूपात. मात्र जे प्रोसेसर आधीच खराब झाले होते ते या दुरुस्तीने पूर्ववत होत नाहीत, असेही कंपनीने सांगितले. वेळेवर अपडेट केलेला प्रोसेसर वाचला; न केलेला झिजत राहिला. हजारो रुपयांच्या यंत्रासाठी पंधरा मिनिटांचे काम टाळणे परवडणारे नाही.

मोडेमची आठवण

फर्मवेअरकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, याचा अनुभव भारताने घेतलेला आहे. २०१७ च्या जुलैअखेरीस बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ग्राहकांचे ब्रॉडबँड मोडेम अचानक बंद पडू लागले. त्या वेळच्या बातम्यांनुसार सुमारे ६० हजार मोडेमना फटका बसला. ‘ब्रिकरबॉट’ नावाच्या प्रोग्रामने हे केले होते. हा प्रोग्राम माहिती चोरत नसे. तो यंत्राचे फर्मवेअरच बिघडवून त्याची वीट करत असे. त्याच्या नावातच ते आहे.

हे मोडेम म्हणजे लिनक्सवर चालणारे छोटे संगणकच. त्यांचा पासवर्ड बहुतेक ठिकाणी कारखान्यातून आलेला ‘अॅडमिन’ हाच होता आणि बाहेरून नियंत्रणासाठी ठेवलेला मार्ग उघडा होता. मुक्त प्रणाली वापरली म्हणून कोणी आपोआप सुरक्षित झाले नाही. प्रणाली चांगली असणे आणि तिची निगा राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विहीर चांगली खणली तरी तिचा गाळ दरवर्षी काढावाच लागतो.

प्रश्न आरोग्याचाही

या सदरात हा विषय घेण्याचे आणखी एक कारण आहे. फर्मवेअर आता रुग्णाच्या खाटेजवळ आणि शरीरातही पोहोचले आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अॅबट कंपनीच्या, पूर्वी सेंट ज्यूड नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पेसमेकरसाठी फर्मवेअर अपडेटला मंजुरी दिल्याचे जाहीर केले. एकट्या अमेरिकेत असे सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकर होते. जवळपास असलेल्या अनधिकृत व्यक्तीला रेडिओ लहरींद्वारे यंत्राला आज्ञा देता येतील, अशी त्रुटी त्यात होती. अपडेटसाठी रुग्णाने दवाखान्यात जायचे, काम सुमारे तीन मिनिटांचे. तेवढ्या वेळात पेसमेकर मिनिटाला ६७ ठोक्यांच्या राखीव पद्धतीवर चालतो. अपडेटमुळे यंत्र पूर्ण बंद पडण्याची शक्यता ०.००३ टक्के, हेही रुग्णांना सांगण्यात आले. सरसकट सर्वांनी धावू नका, धोका आणि फायदा आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा, असा सल्ला होता.

शिकण्यासारखे आहे ते इथेच. त्रुटी लपवली गेली नाही, अपडेटचा धोका आकड्यात सांगितला गेला, अपडेटच्या दरम्यान यंत्र काय करील ते आधी ठरलेले होते, आणि काम प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली झाले. शाळेतल्या संगणकाचा अपडेट एवढा नाजूक नसतो. पण पद्धत तीच हवी.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. ३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने कॉन्टेक या चिनी कंपनीच्या ‘सीएमएस ८०००’ या रुग्ण-मॉनिटरबाबत इशारा दिला. हे मॉनिटर नेटवर्कला जोडले की रुग्णाची माहिती फर्मवेअरमध्ये आधीच लिहून ठेवलेल्या एका पत्त्यावर जात होती आणि त्याच पत्त्यावरून यंत्रात फाइली आणण्याची सोयही होती. हे मुद्दाम केलेले नसून ढिसाळ रचनेचा परिणाम आहे, असे नंतर काही संशोधकांनी म्हटले. हेतू काहीही असो, नेटवर्कची वायर काढून ठेवा, हा सल्ला मात्र कायम राहिला. स्वस्त मॉनिटर छोट्या दवाखान्यांना हवेच असतात. ते विकत घेताना पडदा किती मोठा आणि वॉरंटी किती वर्षे, हे विचारले जाते. फर्मवेअरची दुरुस्ती कोण देणार आणि किती वर्षे देणार, हा प्रश्न त्याच रांगेत यायला हवा.

लिनक्सवर अपडेट कसे होते?

एकेकाळी लिनक्स वापरणाऱ्यांसाठी हे काम डोकेदुखीच होते. बायोस अपडेट करायचे तर डॉसची फ्लॉपी करा, नाहीतर तेवढ्यापुरती विंडोज टाका, असा मामला असे. कंपन्या अपडेटची फाइल देत, पण ती विंडोजवर चालणारी. त्यामुळे लिनक्सवर गेलेला संगणक म्हणजे फर्मवेअरच्या दृष्टीने वाळीत पडलेला संगणक.

२०१५ पासून हे चित्र बदलले. रेड हॅटमधील अभियंता रिचर्ड ह्यूज यांनी ‘एफडब्ल्यूअपडी’ हा प्रोग्राम आणि त्याला माल पुरवणारी ‘लिनक्स व्हेंडर फर्मवेअर सर्व्हिस’ ही सेवा उभी केली. ह्यूज स्वतः पडद्याचे रंग मोजणारे एक छोटे उपकरण बनवत होते आणि त्याचे फर्मवेअर ग्राहकांना सहज बदलता यावे, ही त्यांची मूळ गरज. त्यातून सगळ्यांच्या कामाची सोय झाली. डेल सुरुवातीलाच सामील झाली, लेनोवो २०१८ मध्ये आली, पुढे एचपीसह अनेक कंपन्या आल्या. आजवर या सेवेने दहा कोटींहून अधिक अपडेट पोहोचवले आहेत.

काम कसे चालते ते समजून घेतले तर भीती कमी होते. संगणकात कोणती यंत्रे आहेत आणि त्यांच्या फर्मवेअरची आवृत्ती कोणती, हे प्रोग्राम आधी पाहतो. सेवेकडे नवी आवृत्ती असेल तर ती उतरवून तिची डिजिटल सही तपासतो. मदरबोर्डचे फर्मवेअर प्रणाली चालू असताना बदलले जात नाही. नवी फाइल डिस्कच्या एका ठरावीक भागात ठेवली जाते आणि संगणक पुन्हा सुरू होताना जुने फर्मवेअर ती उचलते, उत्पादकाची सही पटवते आणि मगच चिपवर लिहिते. दुसऱ्याच मॉडेलची किंवा कोणी फेरफार केलेली फाइल या दोन चाळण्यांतून सहसा जात नाही.

उबुंटूच्या २४.०४ या आवृत्तीत ‘फर्मवेअर अपडेटर’ नावाचे वेगळे अॅप येते. फेडोरासारख्या प्रणालीत ‘सॉफ्टवेअर’ या अॅपमध्येच इतर अपडेटच्या यादीत फर्मवेअरही दिसते. कळफलकावर आज्ञा टाइप कराव्या लागतातच असे नाही.

सगळ्याच संगणकांना ही सोय नाही. आपल्याकडे गावोगावी जुळवणी केलेले डेस्कटॉप मोठ्या संख्येने आहेत. असूस, गिगाबाइट, एमएसआय यांच्या सुट्या मदरबोर्डचे अपडेट या सेवेवर बहुधा सापडत नाही. पण त्यांच्या बायोसमध्येच अपडेटचे साधन असते. कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमक्या मॉडेलची आणि बोर्डवर छापलेल्या नेमक्या आवृत्तीची फाइल घ्यायची, फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ठेवायची आणि बायोसमध्ये जाऊन ती निवडायची. इथे ऑपरेटिंग सिस्टिम कोणती याचा संबंधच येत नाही. मात्र मॉडेल जुळते की नाही हे माणसानेच डोळ्यांत तेल घालून पाहायचे असते.

आपल्या परिस्थितीतली खबरदारी

फर्मवेअर लिहिले जात असताना वीज गेली तर संगणक सुरूच न होण्याचा धोका असतो. काही नव्या यंत्रांत राखीव प्रत असते, सगळ्यांत नसते. मग चिप बाहेरून प्रोग्राम करणारा कारागीर शोधावा लागतो. भारनियमन, वळवाच्या पावसात तुटणाऱ्या तारा आणि मध्येच जाणारी वीज हे नगर जिल्ह्यातल्या खेड्यांना नवे नाही. म्हणून हे काम ‘जमेल तेव्हा’ करण्याचे नाही.

लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून आणि चार्जर लावूनच सुरुवात करावी. बॅटरी पुरेशी नसेल तर लिनक्सचा प्रोग्राम बहुधा अपडेट सुरूच करत नाही. ती अडचण नाही, संरक्षण आहे. ज्या लॅपटॉपची बॅटरी फुगली किंवा मेली आहे, त्याचे अपडेट बॅटरी बदलल्याशिवाय करू नये. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवा, आणि तो खरोखर दहा मिनिटे टिकतो का हे आधी वीज बंद करून पाहावे. अनेक कार्यालयांत यूपीएसची बॅटरी केव्हाच संपलेली असते आणि तो नुसता वायर जोडण्याचा डबा उरलेला असतो.

कामाच्या फाइलींची प्रत आधी काढावी. संगणकात लिनक्ससोबत विंडोजही असेल आणि तिची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर त्याची रिकव्हरी किल्ली आधी लिहून घ्यावी. फर्मवेअर बदलल्यावर विंडोज ती मागू शकते. अपडेट चालू असताना पडदा काळा होतो, पंखा जोरात फिरतो, संगणक दोन-तीनदा बंद-चालू होतो. घाबरून बटण दाबणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. आणि शाळेत किंवा कार्यालयात असे दहा संगणक असतील तर एकदम दहाही हाती घेऊ नयेत. आधी एक करावा, आठवडाभर वापरावा, मग उरलेले.

२०२६ ची मुदत

यंदा हा विषय टाळता न येण्याचे आणखी एक कारण आहे. संगणक सुरू होताना फक्त विश्वासू प्रणालीच चालू द्यायची, यासाठी ‘सिक्युअर बूट’ नावाची व्यवस्था असते. विश्वासू कोण, हे फर्मवेअरमध्ये साठवलेली प्रमाणपत्रे ठरवतात. लिनक्सच्या बहुतेक प्रणालीही मायक्रोसॉफ्टच्या सहीनेच या दारातून आत जातात. ही प्रमाणपत्रे २०११ मधली आहेत आणि त्यांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते. त्यांच्या जागी २०२३ ची नवी प्रमाणपत्रे आली आहेत.

मुदत संपली म्हणून दुसऱ्या दिवशी संगणक बंद पडतील, असे नाही. आज चालणारे लिनक्स सर्वसाधारणपणे चालत राहील. अडचण पुढे येईल. केवळ नव्या प्रमाणपत्राने सही केलेली लिनक्सची आवृत्ती टाकायला गेल्यावर जुन्या फर्मवेअरचा संगणक तिला ओळखणार नाही. मग कोणीतरी सल्ला देईल, सिक्युअर बूटच बंद करून टाका. काम होईल, पण दाराची कडी काढून ठेवल्यासारखे. नवी प्रमाणपत्रे लिनक्सच्या याच अपडेट व्यवस्थेतून दिली जात आहेत. त्यांतल्या एका प्रमाणपत्राच्या बदलावर संगणक बनवणाऱ्या कंपनीची सही लागते, म्हणजे कंपनीने हात वर केले तर ग्राहक अडकतो. खरेदीच्या वेळी कंपनीची निवड का महत्त्वाची, हे यावरून कळावे.

जिथे अपडेट मिळतच नाही

काही संगणकांसाठी कंपनीने अपडेट देणे केव्हाच थांबवले आहे. पंधरा वर्षांपूर्वीच्या डेस्कटॉपला आता नवे फर्मवेअर मिळणार नाही. प्रोसेसरमधल्या काही त्रुटींवरच्या दुरुस्त्या लिनक्स स्वतः प्रत्येक वेळी सुरू होताना लावते. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या ‘स्पेक्टर’ त्रुटींवरील बरेच उपाय असेच पोहोचले. तेवढा दिलासा आहे, पण तो पुरा नाही. अशा संगणकांवर लिनक्स टाकून मुलांना टंकलेखन, चित्रकला, गणिताचे खेळ शिकवायला हरकत नाही. पतसंस्थेचे व्यवहार, रुग्णांच्या नोंदी किंवा नागरिकांची आधारशी जोडलेली कागदपत्रे त्यांवर ठेवू नयेत. जुने यंत्र निकामी नसते, पण त्याचे काम बदलायला हवे.

जबाबदारी कोणाची?

चौदा तालुक्यांच्या या विस्तीर्ण जिल्ह्यात सार्वजनिक पैशातून घेतलेले संगणक कुठे आहेत याची नोंद असते. जडसंग्रह नोंदवहीत त्यांचा क्रमांक, किंमत आणि खरेदीची तारीख लिहिलेली असते. निर्लेखनाच्या वेळी ती वही उघडते. या दोन टोकांच्या मधल्या आठ-दहा वर्षांत यंत्राची निगा कोणी राखायची, हे मात्र त्या वहीत नसते. पुढील चार गोष्टी जिल्हा परिषदेला आणि जिल्हा प्रशासनाला फारशा खर्चाशिवाय करता येण्याजोग्या आहेत.

पहिली, खरेदीची अट. जेम पोर्टलवर किंवा निविदेत मेमरी आणि डिस्कचे आकडे बारकाईने लिहिले जातात. त्यातच ‘उत्पादक किमान पाच वर्षे फर्मवेअर दुरुस्त्या देईल आणि त्या लिनक्सवरून लावता येतील’ ही ओळ घालावी. एखादे मॉडेल लिनक्सच्या फर्मवेअर सेवेवर आहे की नाही, हे त्या सेवेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. व्यावसायिक मालिकेतली मॉडेल तिथे बहुधा सापडतात. घरगुती वापराची स्वस्त मॉडेल अनेकदा नसतात. किमतीतला दोन-तीन हजारांचा फरक या प्रकाशात पाहायला हवा.

दुसरी, नोंद. जडसंग्रह नोंदवहीत प्रत्येक संगणकापुढे फर्मवेअरची आवृत्ती आणि ती तपासल्याची तारीख यांसाठी दोन रकाने वाढवावेत. लिनक्सचा तोच प्रोग्राम संगणकाच्या सुरक्षेची पातळी दाखवणारा अहवालही देतो. वर्षातून दोनदा तो काढला तरी पुष्कळ.

तिसरी, माणूस. वार्षिक देखभालीचा करार करताना फर्मवेअर अपडेट हे काम त्यात नावानिशी लिहावे आणि अपडेट करताना यंत्र बंद पडले तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, तेही लिहावे. हा खुलासा नसल्यामुळेच तंत्रज्ञ या कामाला हात लावायला तयार नसतात. ‘चालतंय ना, मग कशाला छेडायचं’ हे उत्तर त्यांच्या बाजूने व्यवहार्यच असते. ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकावर किंवा शाळेतल्या हौशी शिक्षकावर जोखीम ढकलून काम होणार नाही.

चौथी, शिक्षण. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सवरील अनेक पाठ मराठीतून ऐकायला मिळतात. जिल्ह्यातली अभियांत्रिकी महाविद्यालये, तंत्रनिकेतने आणि आयटीआय यांनी त्याच धर्तीवर फर्मवेअर अपडेटचा पाठ मराठीतून करावा आणि विद्यार्थ्यांना जवळच्या शाळांत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, प्रत्यक्ष कामाला लावावे. केरळच्या ‘काइट’ या संस्थेने शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली बनवली, शिक्षकांना शिकवले आणि ती मोठ्या संख्येने शाळांतल्या संगणकांवर नेली. तिथे यश आले ते प्रणाली फुकट होती म्हणून नव्हे. तिच्यामागे शिकवणारी, दुरुस्त करणारी माणसे उभी केली म्हणून.

एक विचार वापरकर्त्यांसाठीही. लिनक्सची ही फर्मवेअर सेवा आपल्याला फुकट मिळते, पण ती चालवण्याचा खर्च कोणीतरी करतेच. लिनक्स फाउंडेशन आणि रेड हॅट तो उचलतात, आणि जगभरचे मोजके अभियंते ती सांभाळतात. तिचा फायदा घेणाऱ्या संगणक कंपन्यांनी खर्चातही वाटा उचलावा, अशी मागणी तिच्या चालकांनी २०२५ मध्ये केली. ती रास्त आहे. सामायिक पाणवठ्यावर सगळ्यांचे भरून होते, पण बांध घालायला सगळ्यांनीच यावे लागते.

जुना संगणक वाचवून त्यावर लिनक्स चालवणे हे काटकसरीचे, पर्यावरणाच्या हिताचे आणि स्वावलंबनाचे पाऊल आहे. ते उचललेल्यांनी या आठवड्यात एवढेच करावे: आपल्या संगणकाचा नेमका मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा, फर्मवेअरची आवृत्ती आणि तारीख पाहावी, आणि ती तीन-चार वर्षांपूर्वीची निघाली तर वीज भरवशाची असेल असा दिवस ठरवून, खबरदारीचे सगळे मुद्दे पाळून, अपडेट करावे. घरच्या संगणकापुरते हे पुरेसे आहे. शाळा, आरोग्य केंद्रे आणि ग्रामपंचायतींसाठी मात्र तो दिवस प्रशासनाने ठरवायचा आहे, आणि पुढची संगणक खरेदी होण्याआधी ठरवायचा आहे.